चोपन्न जेवणं आणि ९८९ पथारीवाले

जुलै २००६. इंडोनेशियाच्या मध्य जावातल्या सोलो शहरात भर रस्त्यातून एक मिरवणूक चाललीय. पुढे राजवाड्याचे सैनिक त्यांच्या पारंपरिक वेशात, मागे जावानी पोशाख केलेली शेकडो माणसं. त्यांच्या हातात तुम्पेंग, म्हणजे भाताचा उंच सुळका रचून भोवती भाज्या-अंडी मांडलेलं ताट. घरात काही शुभ घडलं, नव्या वास्तूत पाऊल ठेवलं की जावात हे ताट करतात. दुतर्फा बघ्यांची गर्दी. परक्या माणसाला वाटावं, कुठल्या तरी संस्थानिकाचं लग्न आहे.

लग्न नव्हतं. ताटं घेऊन चाललेले लोक पथारीवाले होते, आणि महापालिका त्यांना वर्षानुवर्षांच्या जागेवरून उठवत होती.

अतिक्रमण विभागाची गाडी आली की पथारीची चार टोकं एकत्र करून गल्लीत पळणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे हे चित्र आपल्याला खोटंच वाटतं. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून पाहायचं. ज्या महापौराने हे घडवलं तो पुढे राजधानीचा गव्हर्नर झाला, मग दहा वर्षं देशाचा राष्ट्राध्यक्ष. जोको विडोडो, लोकांच्या तोंडी जोकोवी. पण राष्ट्राध्यक्षाच्या प्रकाशात या प्रकरणाकडे पाहू नये. तेव्हा तो पंचेचाळिशीतला, लाकडाच्या धंद्यातून आलेला, नवखा महापौर होता आणि त्याच्या दारात ९८९ चिडलेले विक्रेते उभे होते.

लाकडातला माणूस

जोकोवी जन्मले २१ जून १९६१ रोजी, सोलोतच. या शहराचं कागदोपत्री नाव सुराकार्ता. वडील लाकूड आणि बांबू विकायचे, घर नदीकाठच्या वस्तीत. अशा वस्त्यांच्या नशिबी जे येतं ते यांच्याही आलं. घर पाडलं गेलं आणि कुटुंब नातेवाइकांकडे राहायला गेलं. निवडणुकीच्या भाषणात ही गोष्ट पुढे पुष्कळ वापरली गेली, म्हणून तिच्याकडे संशयाने पाहायचा मोह होतो. पण बुलडोझर आतल्या बाजूने कसा दिसतो हे या माणसाला माहीत होतं, एवढं तरी मान्य करावं लागतं.

शिक्षण योग्याकार्ताच्या गाजा माडा विद्यापीठात, विषय वनशास्त्र, पदवी १९८५ ची. इथे एक गंमत आहे. इंडोनेशियात त्या काळी शेती आणि वनशास्त्राच्या पदवीधरांनाही नावापुढे 'इर.' लावता येई. 'इर.' म्हणजे 'इन्सिन्युर', इंजिनिअर. त्यामुळे हे इंजिनिअर पूल-धरणवाले नव्हेत, लाकडाची जात आणि तिचा गुण ओळखणारे. पहिली नोकरी सरकारी मालकीच्या कागद कारखान्यात, थेट सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचेमध्ये, डोंगराळ जंगलात. दोनेक वर्षांत ते परत आले, काही दिवस मामांच्या फर्निचरच्या कारखान्यात राबले आणि १९८८ मध्ये स्वतःचा धंदा काढला. नाव 'राकाबू', थोरल्या मुलाच्या, गिब्रान राकाबुमिंगच्या, नावावरून. धंदा एकदा बुडता बुडता वाचला. मग परदेशी ऑर्डरी येऊ लागल्या आणि कंटेनर युरोपला जाऊ लागले. 'जोकोवी' हे नावही एका फ्रेंच गिऱ्हाइकाचं देणं. जावात जोको नावाची माणसं पैशाला पासरी, म्हणून या जोकोला वेगळं ओळखता यावं यासाठी केलेली ती जोडणी.

निर्यातीचं फर्निचर हा धंदा बोलघेवड्यांचा नाही. लाकूड नीट वाळलं नसेल तर इथल्या दमट हवेत खुर्ची ठणठणीत दिसते आणि तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात तिला भेग पडते. मग पैसे अडकतात, पुढची ऑर्डर जाते. थांबायचं कुठे आणि घाई कुठे करायची हे लाकूड शिकवतं, असं म्हटलं तर अलंकारिक वाटेल. पण पुढची सात महिन्यांची गोष्ट वाचताना मला हेच आठवत राहिलं.

२००२ मध्ये ते फर्निचर उत्पादकांच्या संघटनेच्या सोलो शाखेचे अध्यक्ष झाले आणि तिथून राजकारणात गेले. त्याला कायद्याने दार उघडलं होतं. हुकूमशहा सुहार्तोंची सत्ता १९९८ मध्ये कोसळल्यावर शहरं आणि जिल्ह्यांना बरेच अधिकार मिळाले. तरी महापौर कोण, हे २००५ पर्यंत नगरसभेचे सदस्यच ठरवायचे. २००४ च्या कायद्याने ती निवड थेट मतदारांच्या हातात दिली आणि २००५ च्या पहिल्याच फेरीत जोकोवी मेगावतींच्या पीडीआय-पी पक्षाकडून उभे राहिले. उपमहापौरपदाला जोडीला एफ. एक्स. हादी रुद्यात्मो, पक्षाचे मुरलेले स्थानिक कार्यकर्ते. मतं मिळाली ३६.६२ टक्के. जिंकले, पण दहातल्या सहा जणांनी त्यांना नाकारलं होतं.

इंडोनेशियाचा 'वाली कोता' म्हणजे आपला महापौर नव्हे. आपल्याकडे महापौर फीत कापतो आणि खरी चावी आयुक्ताकडे असते. तिथे दोन्ही एकच. निवडून आलेला माणूसच अंदाजपत्रक बनवतो, खाती चालवतो आणि अतिक्रमणविरोधी पथकही त्याच्याच हुकमात असतं. पाच लाख वस्तीचं, ४४ चौरस किलोमीटरचं दाट शहर आणि एकच माणूस जबाबदार. फसला तर ढकलायला दुसरा कुणी नाही.

बांजारसारीची बाग

सोलोच्या उत्तर भागात बांजारसारी हा जुना उच्चभ्रू भाग. डच काळातले बंगले, मधोमध बाग आणि बागेत स्वातंत्र्ययुद्धाचं स्मारक. ऑगस्ट १९४९ मध्ये सोलोत चार दिवस डचांशी लढाई झाली, त्याच्या आठवणीचं हे ठिकाण. शहराला अभिमान वाटावा असं.

मे १९९८ मध्ये सोलोत भयानक दंगल झाली. दुकानं, बाजार, शोरूम जळाले. त्यात आशियाई आर्थिक संकट, रुपिया कोसळलेला, कारखाने बंद. पोटासाठी लोक रस्त्यावर आले आणि या बागेभोवती पथाऱ्या पसरू लागल्या. माल 'क्लितिकान', म्हणजे जुनापुराणा: मोटारसायकलचे सुटे भाग, वापरलेले मोबाइल, पाने-पक्कड, घड्याळं, कपडे. पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं वर्णन नको. फरक इतकाच की हा बाजार आठवड्यातल्या ठरावीक दिवशी उठत नव्हता. पथारीवर ताडपत्री आली, ताडपत्रीखाली बांबू आले, मग फळ्या ठोकल्या गेल्या. पाच-सात वर्षांत स्मारक दिसेनासं झालं. बंगल्यांत राहणारे वैतागले, वाहतूक तुंबली.

फेरीवाल्यांना इंडोनेशियात 'काकी लिमा' म्हणतात, म्हणजे पाच पायांचे. गाडीची तीन चाकं आणि माणसाचे दोन पाय, अशी फोड लोक हसत सांगतात. दुसरी व्युत्पत्ती पाच फूट रुंदीच्या जुन्या पदपथाची. खरी कुठलीही असो, मला पहिली आवडते, कारण तिच्यात माणूस आणि गाडी वेगळी करता येत नाही.

आधीच्या महापौरांनीही हा प्रश्न हाती घेऊन पाहिला होता. नेहमीचीच रीत: नोटीस, मुदत, पथक, लाठ्या, दगडफेक, चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी पथाऱ्या परत. सोलो तसंही तापट गाव. जावानी माणूस मृदू बोलतो, पण या शहरात ठिणगी पडायला वेळ लागत नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये पीडीआय-पीच्या नेत्या मेगावती राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्या तेव्हा चिडलेल्या जमावाने नगरभवनच जाळलं होतं. त्यामुळे बांजारसारीच्या विक्रेत्यांनी 'उठवाल तर पालिका पेटवू' असं म्हटलं, ती पोकळ धमकी नव्हती. रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढण्याची भाषा फलकांवर लिहिलेली होती आणि भोवती बांबूचे भाले रोवलेले होते.

शहरात फेरीवाले पाच हजारांहून जास्त. सुरुवात सोप्या जागेपासून करावी असं कुठलाही शहाणा अधिकारी सांगेल. जोकोवींनी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात अवघड जागा आधी घेतली. हरले असते तर कारकीर्द पहिल्याच वर्षी संपली असती. जिंकले तर बाकीचे चार हजार आपोआप ऐकतील, हा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला.

लोजी गांद्रुंगमधली पंगत

महापौरांचं सरकारी निवासस्थान लोजी गांद्रुंग. एकोणिसाव्या शतकात एका डच मळेवाल्याने बांधलेला पांढरा, उंच खांबांचा बंगला. तिथे नाचगाण्याच्या मैफली रंगत, त्यातून नाव पडलं. पथारीवाल्याला एरवी या फाटकाबाहेर उभं राहायचीही भीती वाटली असती. तिथे विक्रेत्यांच्या संघटनांचे म्होरके जेवायला बोलावले गेले.

आले ते तयारीने. पाठीशी स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, खिशात मागण्यांची यादी, डोक्यात भांडण. महापौर काय बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. भात आला, भाज्या आल्या, गप्पा झाल्या. धंदा कसा चाललाय, मुलं कितवीत आहेत. जेवण संपलं. महापौरांनी आभार मानले आणि निरोप दिला. स्थलांतराचा 'स्थ' नाही.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. असं करत करत सात महिन्यांत चोपन्न वेळा जेवणं झाली. हा आकडा जोकोवींनी स्वतः इतक्या व्यासपीठांवर सांगितला आहे की तो आता दंतकथेच्या जवळ गेलाय. कुणी वहीत खुणा केल्या असतील असं वाटत नाही. पण भेटी वारंवार झाल्या आणि महिनोन्‌महिने चालल्या, याबद्दल विक्रेत्यांचंही दुमत नव्हतं.

मधल्या काळात काय होत होतं? मला वाटतं, तीन गोष्टी. पहिली, ज्याच्या घरी दहा वेळा जेवलो त्याचं घर जाळायची भाषा तोंडातून निघत नाही. मीठ खाणं आपल्याला नवं नाही, जावात तर त्याहून नाही. दुसरी, महापौर या काळात बांजारसारीच्या बाजारातही फिरत होते. पुढे 'ब्लुसुकान' म्हणून देशभर गाजलेली, न सांगता गल्लीबोळात शिरण्याची सवय ती हीच. तिसरी आणि सगळ्यात कामाची म्हणजे, प्रत्येक जेवणात विक्रेते आपल्या भीती एकेक करून बोलून दाखवत होते. नव्या जागी गिऱ्हाईक येणार नाही. रस्ता अरुंद आहे. तिकडे गाडी जात नाही. गाळ्याला पैसे कुठून आणू? भांडणाच्या बैठकीत या गोष्टी मागण्या म्हणून येतात आणि आकडा फुगवून येतात. जेवणात त्या काळज्या म्हणून येतात.

चोपन्नाव्या वेळी महापौर म्हणाले, तुम्हाला इथून हलवायचं आहे. कुणी उठून गेलं नाही.

जावानी भाषेत 'ङुवोङके वोङ' म्हणतात, माणसाला माणसासारखं वागवणं. जोकोवींनी या प्रकरणाचं सार म्हणून हाच शब्द नेहमी दिला. सुंदर शब्द आहे. पण त्यावर मी इथेच एक खूण करून ठेवतो. हलवायचं हे पहिल्या जेवणाआधीच ठरलेलं होतं. ही सल्लामसलत नव्हती, समजूत होती. 'हलायचं की नाही' हा प्रश्न ताटावर कधी आलाच नाही. 'कसं हलायचं' एवढाच आला. विक्रेत्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांना पर्याय मिळाला नाही, मान मिळाला. रोज लाठी खाणाऱ्याला मान ही लहान गोष्ट नसते, हेही खरं.

दिवसाला २,६०० रुपिया

या प्रकरणाबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात जेवणं पुढे असतात आणि हिशेब मागे पडतो. माझ्या मते उलटं हवं. नुसत्या जेवणांनी ९८९ संसार हलत नाहीत.

नवी जागा सेमांग्गी, शहराच्या दक्षिण-पूर्व टोकाला, गजबजाटापासून लांब. तिथे पालिकेने पक्का बाजार बांधला. खर्च सुमारे ९.८ अब्ज रुपिया. तेव्हाच्या दराने आपले साधारण पाच कोटी रुपये. गाळे फुकट द्यायचे ठरलं. पागडी नाही, अनामत नाही. नगरसभेत साहजिकच खळखळ झाली: लोकांच्या पैशाने बांधायचं आणि अतिक्रमण करणाऱ्यांनाच वाटायचं?

फर्निचरवाल्याचं उत्तर धंद्याच्या भाषेत होतं. गाळा फुकट, पण रोजची बाजारपावती फाडायची, दिवसाला २,६०० रुपिया. म्हणजे आपले तेरा रुपये. पथारीवर बसतानाही विक्रेते कुणा ना कुणाच्या हातावर पैसे टेकवतच होते. आता ते पालिकेच्या तिजोरीत जातील आणि साडेआठ वर्षांत बांधकामाचा पैसा वसूल होईल.

मी गुणाकार करून पाहिला. २,६०० गुणिले ९८९ गुणिले ३६५ गुणिले साडेआठ, म्हणजे आठ अब्जांच्या किंचित खाली. एकही सुटी नाही, एकही थकबाकी नाही असं धरूनही ९.८ गाठत नाही. मग बाकीचं पार्किंगमधून येणार होतं की भाषणात आकडा गोल झाला, देव जाणे. पण वसुलीचं गणित थोडं तोकडं असलं तरी विचार भक्कम होता. पथारीवाला हा पालिकेच्या वहीत खर्चाच्या बाजूला असतो: पथक, गाड्या, कोर्टकचेऱ्या. त्याला उचलून जमेच्या बाजूला मांडायचं.

मग विक्रेत्यांच्या काळज्या एकेक करून कामाच्या यादीत गेल्या. सेमांग्गीला जाणारा रस्ता रुंद झाला. शहरातल्या छोट्या प्रवासी गाड्यांचा मार्ग बाजारापर्यंत वाढवला. चार महिने स्थानिक टीव्ही आणि वर्तमानपत्रांत बाजाराची जाहिरात झाली. पथारीवाल्यांसाठी सरकारी पैशाने जाहिरात, हे मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आणि प्रत्येकाच्या हातात विनामूल्य व्यापार परवाना आणि नोंदणीचा कागद.

त्या कागदाकडे जरा थांबून पाहायला हवं. तीन फूट बाय चार फूट ताडपत्रीवर बसलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही, कारण त्याचा पत्ता उद्या बदलू शकतो. त्याला घाऊक व्यापारी उधारीवर माल देत नाही. त्याच्या जागेला किंमत असते, पण ती दादाच्या हातात असते, त्याच्या हातात नाही. परवान्यावर नाव, गाळा क्रमांक आणि शिक्का आला की तोच माणूस कर्जाचा अर्ज भरू शकतो. जोकोवींनी स्वतः बँकेच्या दारात पत मागितलेली होती. कागदाची किंमत त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नसणार.

याच काळात अतिक्रमणविरोधी पथकाच्या ढाली-लाठ्या गोदामात कुलपात गेल्या आणि पथकाच्या प्रमुखपदी एका महिलेची नेमणूक झाली. प्रतीकात्मक वाटेल, पण पथकातल्या माणसांना संदेश पोचला.

वाजतगाजत

राहिला शेवटचा अवघड भाग, प्रत्यक्ष हलण्याचा दिवस. सामान उचलताना एखाद्याने जरी 'मी नाही जात' म्हटलं तरी सगळं फिसकटतं.

इथे सोलोचा इतिहास कामी आला. १७४५ मध्ये जावातल्या माताराम राज्याच्या राजाने, दुसऱ्या पाकुबुवोनोने, बंडाळीत उद्ध्वस्त झालेली कार्तासुरा राजधानी सोडून साला नावाच्या गावात बस्तान हलवलं. सिंहासन, पवित्र शस्त्रं, झाडं, हत्ती-घोडे, सगळा लवाजमा मिरवत आणला. त्या स्थलांतराला 'बोयोङ' म्हणतात आणि सोलो शहराचा जन्म तोच मानला जातो. म्हणजे या गावाच्या आठवणीत घर हलवणं ही नामुष्की नाही, शहर वसवण्याची रीत आहे.

पथारीवाल्यांची मिरवणूकही 'बोयोङान'च होती. बांजारसारीहून सेमांग्गीपर्यंत, राजवाड्याच्या सैनिकांसह. जे राजाने केलं तेच सुट्या भागांच्या विक्रेत्याने केलं. हातातलं तुम्पेंगचं ताट सांगत होतं की आम्ही नव्या घरात जातोय. वार्ताहर आले, छायाचित्रं छापली गेली आणि त्यामुळे बाजाराची आणखी जाहिरात झाली. हे न कळण्याइतका महापौर भाबडा नव्हता. नव्या बाजाराचं नाव ठेवलं 'नोतोहार्जो'. नोतो म्हणजे नीट लावणं, हार्जो म्हणजे भरभराट.

बांजारसारीची बाग मोकळी झाली. स्मारक पुन्हा दिसू लागलं.

नोतोहार्जोत मात्र सुरुवातीला माशा मारायची वेळ आली. जुनं गिऱ्हाईक तुटलं, लांब कोण येणार? काहींनी दम सोडला. ज्यांचा धंदा येताजाता उचलायच्या वस्तूंचा होता त्यांना फटका जास्त. सुटे भाग आणि हत्यारं विकणारे सावरले, कारण तो माल शोधत माणूस शहराच्या टोकालाही जातो. हळूहळू 'जुने भाग हवेत? सेमांग्गीला जा' असं होऊन गेलं. म्हणजे यश आलं त्यात मालाच्या जातीचाही वाटा होता. कोथिंबीर विकणाऱ्यांना इतक्या लांब नेलं असतं तर मिरवणुकीचे ढोल त्यांच्या कामी आले नसते.

पुढची वर्षं भराभर सांगता येतील. मानाहान स्टेडियमभोवतीचे विक्रेते, ङारसोपुरोचा रात्रबाजार, दुरुस्त केलेले पारंपरिक बाजार. सोलो देशात नावाजलं. २०१० मध्ये जोकोवी पुन्हा उभे राहिले आणि ९०.०९ टक्के मतं घेऊन निवडून आले. ३६ चे ९०.

तानाह आबांगला काय झालं

प्रकरण इथे संपवलं तर ते स्तुतिपर होईल. २०१२ मध्ये जोकोवी जकार्ताचे गव्हर्नर झाले आणि पुढच्याच वर्षी तानाह आबांगला हात घातला. दक्षिण-पूर्व आशियातल्या सगळ्यात मोठ्या कापडबाजारांपैकी एक. रस्त्यावर पथाऱ्यांची अशी दाटी की बस मुंगीच्या पावलाने चालायची. ऑगस्ट २०१३ मध्ये शेकडो विक्रेत्यांना शेजारच्या 'ब्लॉक जी' या इमारतीत हलवलं. जागा जवळ, सुरुवातीचे महिने भाडं माफ, गिऱ्हाईक खेचायला सोडतीही काढल्या. कागदावर सोलोपेक्षा सोपं काम.

फसलं. वरच्या मजल्यांवर गिऱ्हाईक चढेना. खाली रस्त्यावर गर्दी वाहत असताना चार जिने चढून शर्ट घ्यायला कोण जाणार? गाळ्यांना कुलपं लागली, पथाऱ्या पदपथावर परतल्या.

सोलोत जेवणांनी सात महिने मिळवून दिले होते. त्या महिन्यांत प्रत्येक विक्रेत्याची नेमकी अडचण कळली आणि त्यावर रस्ता, गाडी, जाहिरात उभी राहिली. जकार्ता एक कोटीचं शहर, गव्हर्नर साऱ्या देशाच्या कॅमेऱ्यांसमोर, आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक वर्षभरावर. लाकूड वाळायला वेळच दिला नाही.

त्यांचे उपगव्हर्नर होते बासुकी त्जाहाजा पुर्नामा, म्हणजे आहोक. भूगर्भशास्त्राचे इंजिनिअर, खाणीच्या धंद्यातून पूर्व बेलितुंगच्या राजकारणात आलेले. योगायोग म्हणा, पण दोन्ही इंजिनिअर, दोन्ही धंदेवाले, दोन्ही छोट्या गावातून राजधानीत. आहोकना जेवणावळींचा धीर नव्हता. २०१४ मध्ये गव्हर्नरपद त्यांच्याकडे आलं आणि ऑगस्ट २०१५ मध्ये नदीकाठच्या कांपुंग पुलोत बुलडोझर शिरले, दगडफेक झाली, अश्रुधूर सुटला. बाहेर काढलेल्यांना सरकारी इमारतीत घरं दिली होती. आहोक म्हणायचे, घर दिलंय, आणखी काय हवं? हिशेब त्यांचाही चूक नव्हता. पण २०१७ मध्ये धर्मनिंदेच्या खटल्याच्या वादळात ते निवडणूक हरले तेव्हा उठवल्या गेलेल्या वस्त्यांतून त्यांच्या बाजूने उभं राहायला फारसं कुणी आलं नाही.

पंगत पुन्हा मांडली

सोलोच्या फाइलमध्ये मी एक खूण केली होती: आधी निर्णय, मग जेवण. त्या खुणेकडे परत जातो.

जुलै २०२०. सोलोच्या महापौरपदासाठी पक्षाच्या शहर शाखेने तेव्हाचे उपमहापौर आखमाद पुर्नोमो यांचं नाव वर पाठवलं होतं. २००५ मध्ये जोकोवींविरुद्ध उभे राहून हरलेले हेच ते पुर्नोमो. जोकोवी आता राष्ट्राध्यक्ष. त्यांनी पुर्नोमोंना जकार्ताच्या राजवाड्यात बोलावून घेतलं आणि सांगितलं, उमेदवारी गिब्रानला मिळते आहे. गिब्रान म्हणजे तोच मुलगा, ज्याच्या नावावर फर्निचरचा कारखाना निघाला होता. पुर्नोमो शांतपणे परतले. गिब्रान महापौर झाला.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनात्मक न्यायालयाने उपराष्ट्राध्यक्षपदासाठीच्या चाळीस वर्षांच्या अटीत वाट काढली: जो निवडून आलेला महापौर किंवा गव्हर्नर आहे त्याला वयाची अट नाही. गिब्रान तेव्हा ३६ वर्षांचा. सरन्यायाधीश अन्वर उस्मान जोकोवींचे मेहुणे, बहिणीचे यजमान. पुढच्या महिन्यात नीतिमंडळाने त्यांना सरन्यायाधीशपदावरून दूर केलं, पण निकाल कायम राहिला. निकालानंतर नऊ दिवसांत गिब्रानचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा अर्ज, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार प्राबोवो सुबियांतो यांच्या जोडीने, दाखल झाला होता.

देशभर आरडाओरडा चालू असताना ३० ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांनी तिन्ही उमेदवारांना, गांजार, अनीस आणि प्राबोवो यांना, राजवाड्यात एकत्र जेवायला बोलावलं. तिघेही आले. एका गोल टेबलाभोवती बसून हसतमुखाने जेवले, छायाचित्रं निघाली. टेबलावर बसण्याआधी काय ठरलेलं होतं, हे चौघांनाही माहीत होतं.